मैदानावर बहुसंख्य कृष्णवर्णीय, मग भेदभाव नेमका कुठे?

प्रश्नाचा आशय असा: ‘एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये दहापैकी सातेक खेळाडू कृष्णवर्णीय आहेत, एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये निम्म्याहून जास्त. लाखो-करोडो डॉलर कमावतात. मग व्यावसायिक खेळात वर्णभेद आहे, संधी समान नाही, हे कशावरून? कृष्णवर्णीय खेळाडू शरीराने सरस असतात असं म्हणणं हे तर कौतुकच झालं, त्यात पूर्वग्रह कसला? आणि असलाच, तर कोटा लावून तो जातो का?’

खेळाडू हेरणं, त्यांच्यावर अहवाल लिहिणं आणि पुढे नव्या प्रशिक्षकांना निवडीचं काम शिकवणं, यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. या धंद्यात रंगावरून उघड शिवीगाळ करणारी माणसं मला फार भेटली नाहीत. कौतुक करणारी मात्र ढिगाने भेटली, आणि खेळाडूचं नुकसान बहुतेक वेळा त्यांच्याच हातून होताना पाहिलं. म्हणून सुरुवात तुमच्या प्रश्नातल्या त्या कौतुकापासूनच करतो.

एप्रिल १९८७. जॅकी रॉबिन्सनने १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरून अमेरिकन बेसबॉलमधली वर्णबंदी मोडली, त्याला चाळीस वर्षं होत होती. त्या निमित्ताने एबीसी वाहिनीवर डॉजर्सचे जनरल मॅनेजर, म्हणजे संघबांधणी पाहणारे अधिकारी, अल कॅम्पानिस यांना बोलावलं होतं. सूत्रसंचालक टेड कॉपल यांनी साधाच प्रश्न विचारला: बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक), जनरल मॅनेजर, मालक का नाहीत? कॅम्पानिस म्हणाले, त्या कामाला जे काही लागतं ते कदाचित त्यांच्यापाशी नसावं. कॉपल यांनी सावरायची संधी दिली, तर हे आणखी खोलात गेले. या लोकांना देवाने उत्तम स्नायू दिलेत, पाय चपळ दिलेत, अशी तारीफ केली. मग कृष्णवर्णीय चांगले जलतरणपटू का होत नाहीत, तर म्हणे त्यांचं शरीर पाण्यावर नीट तरंगत नाही. दोन दिवसांत नोकरी गेली.

हे गृहस्थ काही रॉबिन्सनचे वैरी नव्हते. १९४६ मध्ये दोघं मॉन्ट्रियलच्या संघात एकत्र खेळलेले, चांगले स्नेही. त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हताच. एका श्वासात ‘शरीर अफाट’ आणि दुसऱ्या श्वासात ‘डोक्याचं काम जमणार नाही’ असं ते म्हणून गेले आणि यात काही वावगं आहे हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. निवड समित्यांच्या बैठकांत मी हीच जोडी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, फक्त आता कोणी ती दोन्ही वाक्यं लागोपाठ बोलत नाही.

तरंगण्याचं म्हणाल तर पुढच्याच वर्षी, सोल ऑलिंपिकमध्ये, सुरिनामच्या अँथनी नेस्टीने १०० मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेच्या मॅट बियाँडीला सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे टाकून सुवर्ण घेतलं. अमेरिकेत कृष्णवर्णीय जलतरणपटू कमी का, याचं उत्तर स्नायूंत शोधायची गरजच नाही. कित्येक दशकं सार्वजनिक तलावांत त्यांना प्रवेश नव्हता. कोर्टाने दारं उघडायला लावली तेव्हा अनेक गावांनी तलावच बंद केले, काहींनी बुजवले. ज्या घरात आजोबांना पाण्यात उतरू दिलं नाही, तिथे नातवाला पोहायला कोण शिकवणार?

आता मैदानावर येऊ. संघात किती जण आहेत याच्याबरोबरच ते कुठल्या जागेवर खेळतात हे मोजायला लागा, म्हणजे तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर मिळतं. १९७० मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकएल्व्होग या दोन समाजशास्त्रज्ञांनी बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमधल्या जागांचा हिशेब मांडला. मधल्या जागा, म्हणजे जिथून डाव चालवला जातो, सहकाऱ्यांशी सतत बोलावं लागतं, त्या गोऱ्यांकडे. कडेच्या जागा, जिथे धाव, झेप आणि प्रतिक्षिप्त चपळाई लागते, त्या कृष्णवर्णीयांकडे. या प्रकाराला आमच्या क्षेत्रात ‘स्टॅकिंग’ म्हणतात. एकाच प्रकारच्या खेळाडूंची एकाच जागेवर थप्पी लावायची, म्हणजे ते जागेसाठी भांडणार ते आपसातच.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण क्वार्टरबॅकचं. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. समोरची बचावफळी वाचायची, ऐनवेळी चाल बदलायची, दहा सहकाऱ्यांना हाताळायचं. ही संघाच्या डोक्याची जागा. १९६८ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजने मार्लिन ब्रिस्को नावाच्या कॉलेजमधल्या क्वार्टरबॅकला घेतलं, पण बचावपटू म्हणून. पठ्ठ्याने करार करतानाच अट घातली की मला क्वार्टरबॅक म्हणून चाचणी द्या. नियमित खेळाडू जायबंदी झाल्यावर त्याला संधी मिळाली आणि त्या हंगामात त्याने १४ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. नवख्या खेळाडूसाठी ही कामगिरी मोठी होती. पुढच्या हंगामात त्याला त्या जागेसाठी विचारातही घेतलं नाही. तो बफेलोला गेला, तिथे त्याला रिसीव्हर बनवलं, म्हणजे पळत जाऊन दुसऱ्याने फेकलेला चेंडू झेलणारा. तिथेही त्याने नाव काढलं आणि पुढे मायामीबरोबर दोन सुपर बोल, म्हणजे एनएफएलचे अंतिम सामने, जिंकले. लोक म्हणतात, बघा, चांगलंच झालं की. मी नव्या प्रशिक्षकांना विचारतो, त्याचं काय झालं हे सोडा. क्वार्टरबॅक ब्रिस्को पुढे कसा घडला असता, हे कुणाला कळलं का? कधीच कळणार नाही. जागा बदलली की आधीच्या जागेवरचा पुरावा तयार होणंच थांबतं आणि मग ‘या जागेवर कृष्णवर्णीय दिसत नाहीत’ हाच पुरावा म्हणून फिरतो.

वॉरन मूनने जागा बदलायला साफ नकार दिला. वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोल हा कॉलेज फुटबॉलमधला मानाचा सामना जिंकून देऊन, त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरूनही १९७८ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कोणी घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला आणि तिथे सलग पाच ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या लीगची अजिंक्यपदं, जिंकले. १९८४ मध्ये एनएफएलची दारं उघडली, २००६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. तिथे पोचलेला तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. दरम्यान जानेवारी १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या डग विल्यम्सने सुपर बोलच्या दुसऱ्या पंधरा मिनिटांत चार टचडाउन पास देऊन सामना तिथेच संपवला. इतकं झाल्यावर तरी प्रश्न मिटला असेल असं वाटतं ना?

२०१८ उजाडलं तरी लमार जॅक्सनला हेच ऐकावं लागलं. २०१६ ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधला सर्वोच्च मान, नावावर असलेला क्वार्टरबॅक. ड्राफ्टच्या आधी टीव्हीवरच्या जाणत्यांचा सल्ला काय, तर रिसीव्हर हो. त्याच्या आधी चार क्वार्टरबॅक निवडले गेले, तो ३२ वा. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, त्याने लीगमध्ये सर्वाधिक टचडाउन पास दिले, हजारावर यार्ड पळूनही काढले आणि एकमताने सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते, पॅट्रिक माहोम्स आणि जेलन हर्ट्स. म्हणजे बदल झाला, खराच झाला. पण ब्रिस्कोपासून इथवर यायला ५५ वर्षं गेली.

आपल्याकडच्या वाचकाला अमेरिकन फुटबॉल दूरचा वाटत असेल, तर क्रिकेट घ्या. वेस्ट इंडिजने १९२८ मध्ये कसोटी खेळायला सुरुवात केली. धावा हेडली, वॉरेल, वीक्स, वॉलकॉट या कृष्णवर्णीय फलंदाजांनी काढायच्या, विकेट कृष्णवर्णीय गोलंदाजांनी घ्यायच्या, आणि नाणेफेकीला बहुतेक वेळा जाणार गोराच. १९४८ मध्ये हेडलीने एका कसोटीत नेतृत्व केलं, तेवढंच. पूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार, फ्रँक वॉरेल, नेमला गेला तो १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी, आणि त्यासाठी लेखक-संपादक सी. एल. आर. जेम्स यांना त्रिनिदादच्या वर्तमानपत्रातून रान उठवावं लागलं. त्याच दौऱ्यात ब्रिस्बेनची ती बरोबरीत सुटलेली कसोटी झाली. कॅम्पानिस जे बोलून बसले ते इथे तीस वर्षं न बोलता अमलात होतं.

दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट गेल्यावर मखाया एन्टिनी १९९८ मध्ये त्या देशाकडून कसोटी खेळणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन झाला आणि ३९० बळी घेऊन गेला. त्यानंतर बराच काळ कृष्णवर्णीय आफ्रिकन म्हटलं की वेगवान गोलंदाज, असं समीकरणच बनलं. त्यांच्यातल्या फलंदाजाचं पहिलं कसोटी शतक यायला जानेवारी २०१६ पर्यंत थांबावं लागलं. ते टेम्बा बवुमाचं, केपटाउनला, इंग्लंडविरुद्ध. यात रक्तामांसाचा काही संबंध नाही. गोलंदाजी मोकळ्या जागेत, एका चेंडूवर शिकता येते. फलंदाजीला चांगली खेळपट्टी, महागडं सामान आणि लहानपणापासून तासन्‌तास चेंडू टाकणारं कोणीतरी लागतं, आणि ते सगळं ज्या शाळांत होतं त्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांच्या. बवुमा केपटाउनच्या लांगा या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला, पण शिष्यवृत्तीवर त्या शाळांत पोचला. त्याला कोट्याचा खेळाडू म्हणून समाजमाध्यमांवर जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. जून २०२५ मध्ये लॉर्ड्‌सवर त्यानेच कर्णधार म्हणून कसोटी अजिंक्यपद उचललं, दुखावलेल्या मांडीने ६६ धावा करून.

‘पण शरीरात फरक असतोच ना?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो, आणि तो टाळून चालत नाही. माणसामाणसांत आनुवंशिक फरक असतात आणि अव्वल स्तरावर ते मोजले जातात. यात वाद नाही. वाद आहे तो ‘कृष्णवर्णीय’ हा गट शरीरशास्त्राने बनवलेला आहे असं मानण्यात. जगातली सर्वाधिक जनुकीय विविधता आफ्रिकेत आहे. केनियाच्या रिफ्ट व्हॅलीतले कालेंजिन धावपटू मॅरेथॉन जिंकतात आणि जमैकाचे धावपटू १०० मीटर. दोघांची अंगलट बघा. काटक, बारीक पोटऱ्यांचा एक आणि भरदार मांड्यांचा दुसरा. त्वचेचा रंग सोडला तर खेळाच्या दृष्टीने दोघांत साम्य काय? जमैकात १९१० पासून शालेय मैदानी स्पर्धा भरते आणि तिला राष्ट्रीय सणाचं रूप आहे. कालेंजिन मुलुख समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आहे आणि तिथे पळणं हा घर चालवण्याचा ठाऊक असलेला मार्ग आहे. जनुकांचा वाटा असेलही, पण तो रंगाच्या खुणेने ओळखता येत नाही.

हे तपासून पाहणारा एक माणूस १९३६ मध्येच होऊन गेला. अमेरिकेचा कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्सने बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकल्यावर त्याच्या टाचेच्या लांब हाडात आणि पोटरीच्या ठेवणीत ‘निग्रो’ वेगाचं रहस्य असल्याची चर्चा होती. मॉन्टॅग कॉब हे कृष्णवर्णीय डॉक्टर आणि मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी टेप घेऊन ओवेन्सचे पाय प्रत्यक्ष मोजले. त्या काळच्या वर्गीकरणाप्रमाणे ओवेन्सची पोटरी निघाली गोऱ्यांच्या नमुन्याची! एवढ्यावर विषय संपायला हवा होता. संपला नाही, कारण अशा समजुती मोजमापातून आलेल्या नसतात, त्यामुळे मोजमापाने जातही नाहीत.

त्याच दशकात बास्केटबॉलमध्ये न्यू यॉर्क, फिलाडेल्फियाच्या ज्यू मुलांचा बोलबाला होता. तेव्हाच्या एका नामांकित क्रीडा पत्रकाराने कारण दिलं होतं की या खेळाला लागणारी कावेबाज बुद्धी आणि हुलकावण्या देण्याची कला ज्यूंच्या अंगातच असते. गरीब शहरी वस्त्यांत कमी जागेत, कमी पैशात खेळता येणारा खेळ, हे कारण कोणाला सुचलं नाही. पुढे त्या वस्त्यांत राहणारी माणसं बदलली, खेळाडू बदलले, आणि त्याच खेळाला आता उपजत उंच उडी लागते असं ठरलं. खेळ तोच, रिंग त्याच उंचीवर. ज्याच्याकडे गुण दिसतो तसा गुणाचा अर्थ बदलतो.

माझ्या कामाचा गाभा म्हणजे स्काउटिंग अहवाल, खेळाडू हेरणाऱ्याने म्हणजे स्काउटने लिहिलेला, तेव्हा तो जरा जवळून दाखवतो. एका पानावर साधारण दोन भाग असतात. वरच्या भागात उंची, वजन, धावण्याची वेळ, उडी. खालच्या भागात मोकळी जागा, जिथे स्काउट आपलं मत लिहितो. वरचा भाग फारसा खोटं बोलत नाही. घोटाळा खाली होतो. शिकवताना मी खेळाडूचं नाव आणि फोटो झाकून फक्त तो मोकळा मजकूर वाचायला देतो आणि विचारतो, हा खेळाडू कोणत्या वर्णाचा असेल? ‘प्रचंड ताकद, स्फोटक, अजून कच्चा, पैलू पाडावे लागतील.’ ‘सामना वाचतो, मेहनती, सगळ्यात आधी सरावाला येतो, प्रशिक्षकाचा उजवा हात.’ वर्गातले हात न बोलावता वर जातात. आणि मग वर्ग अस्वस्थ होतो, कारण उत्तर त्यांना इतक्या सहज यायला नको होतं.

हे माझ्या वर्गापुरतं नाही. १९९७ मध्ये जेफ स्टोन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका बास्केटबॉल सामन्याचं रेडिओ समालोचन ऐकवलं. सगळ्यांना तेच ध्वनिमुद्रण, तोच खेळाडू. फक्त काहींना कृष्णवर्णीय माणसाचा फोटो दाखवून सांगितलं की हा तो, आणि काहींना गोऱ्याचा. पहिल्या गटाला त्याच्यात शारीरिक क्षमता जास्त दिसली, दुसऱ्याला खेळाची समज आणि जिद्द. कानांनी ऐकलेलं एकच होतं! २०२० मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेबरोबर डेन्मार्कच्या एका संशोधन संस्थेने युरोपातल्या चार मोठ्या लीगमधल्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं. हुशारीबद्दलच्या कौतुकातलं जवळपास ६३ टक्के उजळ वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्याला आलं. हुशारीवरून झालेल्या टीकेतली तेवढीच टक्केवारी गडद वर्णाच्या खेळाडूंच्या वाट्याला. आणि ताकदीबद्दल बोलायचं झालं की ते गडद वर्णाच्या खेळाडूबद्दल असण्याची शक्यता साडेसहा पट.

यात नुकसान काय? माझ्या अनुभवात ते खेळाडूचा फॉर्म जातो तेव्हा उघड होतं. ज्याला ‘उपजत’ म्हटलंय, त्याची कामगिरी घसरली की निष्कर्ष निघतो तो आळसाचा. देवाने इतकं दिलंय आणि हा वापरत नाही. ज्याला ‘विचारी, मेहनती’ म्हटलंय तो घसरला की त्याला वेळ देतात, व्हिडिओ दाखवतात, दुसरा प्रशिक्षक लावतात. पहिल्याला जागा बदलायला सांगतात. शिवाय उपजत म्हटल्यावर पहाटेचा घाम, तंत्रावर घालवलेली वर्षं, सगळं एका फटक्यात पुसलं जातं. खेळाडूला हे कळतं. बोलत नाही, पण कळतं.

हा पूर्वग्रह कृष्णवर्णीयांपुरताही नाही. जेरेमी लिन हा तैवानी वंशाचा अमेरिकन, हार्वर्डकडून खेळलेला, २०१० च्या एनबीए ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नाही. २०१२ मध्ये न्यू यॉर्क निक्सकडून त्याने सगळ्यांना वेड लावलं. ह्यूस्टन संघाचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी यांनी नंतर कबूल केलं की त्यांच्या सांख्यिकी प्रारूपाने लिनला वरचं स्थान दिलं होतं, पहिल्या पावलाचा वेग उत्तम मोजला गेला होता, तरी डोळ्यांना तो ‘ॲथलीट’ दिसला नाही. आकडे हातात असताना डोळ्यांनी आकड्यांना हरवलं.

आता खुर्च्यांकडे. जागा वाटून दिल्याचा खरा परिणाम खेळाडू निवृत्त झाल्यावर होतो. एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षक बहुधा आक्रमणाची आखणी करणाऱ्या आणि क्वार्टरबॅकना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांतून निवडतात. रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) किंवा कडेचे बचावपटू शिकवणारा माणूस त्या शिडीवर चढतच नाही, आणि कृष्णवर्णीय प्रशिक्षकांची दाटी नेमकी तिथे. वयाच्या पंधराव्या वर्षी कोणीतरी ‘तू छान पळतोस, रिसीव्हर हो’ म्हटलं, त्याचा हिशेब पंचेचाळिसाव्या वर्षी मुलाखतीच्या खोलीत होतो. मुलाखत घेणारा म्हणतो, आमचं काही नाही हो, या पदाला लागणारा अनुभवच यांच्याकडे नाही. तो खोटं बोलत नसतो.

२००२ मध्ये वकील जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी यांनी एनएफएलसमोर अहवाल ठेवला. त्यातल्या आकडेवारीनुसार मोजक्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांनी गोऱ्यांपेक्षा हंगामाला सरासरी एकाहून जास्त सामने अधिक जिंकले होते. हंगाम सोळा सामन्यांचा, म्हणजे फरक लहान नाही. संख्या थोडी होती हे मान्य, पण दिशा स्पष्ट होती: नेमणूक होण्यासाठी त्यांना जास्त चांगलं असावं लागत होतं. इंग्लिश फुटबॉलमध्ये अर्थतज्ज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी १९७८ ते १९९३ मधल्या ३९ क्लबांचे हिशेब तपासले, तेव्हा हीच गोष्ट खेळाडूंच्या पगारात सापडली. तेवढाच पगार खर्च करून ज्या क्लबांत कृष्णवर्णीय खेळाडू जास्त होते ते तक्त्यात वर राहिले. याचा अर्थ तेवढ्याच कौशल्याला बाजार कमी भाव देत होता.

कॉक्रन-मेहरी यांच्या अहवालानंतर २००३ मध्ये एनएफएलमध्ये ‘रूनी नियम’ आला. पिट्सबर्ग संघाचे मालक डॅन रूनी यांच्या नावाचा. मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्य समाजातल्या किमान एका उमेदवाराची मुलाखत घ्यायचीच. त्याच वर्षी डेट्रॉइट संघाचे अध्यक्ष मॅट मिलन यांना दोन लाख डॉलरचा दंड बसला. त्यांचा उमेदवार आधीच ठरलेला होता, हे जगजाहीर होतं. कृष्णवर्णीय उमेदवारांनी मुलाखतीला यायलाच नकार दिला. शोभेची बाहुली व्हायला कोण येईल? तरीही सुरुवातीला फायदा झाला. फेब्रुवारी २००७ च्या सुपर बोलमध्ये दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय प्रशिक्षक होते, टोनी डंजी आणि लवी स्मिथ. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रशिक्षक ब्रायन फ्लोरेसने एनएफएलवर खटला भरला तेव्हा ३२ संघांत कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक एकच उरला होता, माइक टॉमलिन. सलग दोन हंगाम पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवूनही फ्लोरेसला मायामीने काढलं होतं. न्यू यॉर्क जायंट्सने नेमणूक दुसऱ्याची ठरवून झाल्यावर आपली मुलाखत देखाव्यापुरती घेतली, हा त्याचा आरोप. जायंट्सने तो नाकारला.

सगळ्यात गंभीर प्रकरण मात्र मैदानाबाहेरचं आहे, आणि कौतुकातून नुकसान कसं होतं हे अजूनही पटत नसेल तर ते नीट वाचा. डोक्याला वारंवार मार बसून मेंदू निकामी झालेल्या माजी खेळाडूंसाठी एनएफएलने भरपाईची तडजोड केली. खेळाडूची आकलनशक्ती किती घटली हे ठरवताना कृष्णवर्णीय माणसाची मूळ पातळीच कमी असते असं गृहीत धरणारं मापन वापरलं जात होतं. म्हणजे दोन खेळाडूंना चाचणीत अगदी सारखे गुण मिळाले, तर गोऱ्याची बुद्धी घटली म्हणून तो भरपाईला पात्र, आणि कृष्णवर्णीय मुळातच तेवढा म्हणून अपात्र. २०२० मध्ये दोन माजी खेळाडू कोर्टात गेले. जून २०२१ मध्ये लीगने हे मापन थांबवण्याचं जाहीर केलं. ‘शरीर अफाट, डोकं बेताचं’ हा समज इथे थेट सूत्रात घातला होता आणि त्यातून डॉलर वजा होत होते.

मग उपाय? माझं मत असं की माणसांना उपदेश करून फारसं काही बदलत नाही. आपल्याकडे कोणीतरी बघतंय हे त्यांना कळलं की बदलतं. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वोल्फर्स यांनी एनबीएचे १९९१ ते २००४ मधले सामने तपासले. पंच आणि खेळाडू वेगळ्या वर्णाचे असले की फाउल किंचित जास्त दिले जात होते, फरक चारेक टक्क्यांपर्यंत. २००७ मध्ये वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली, लीगने निष्कर्ष नाकारले. पंचांना वेगळं प्रशिक्षण दिलं, शिक्षा केली, असं काही झाल्याचं दिसत नाही. तरी त्याच अभ्यासकांनी पुढच्या वर्षांची आकडेवारी पाहिली तेव्हा तो फरक गायब झाला होता. बेसबॉलमध्येही एका अभ्यासात असंच दिसलं: पंचांचा आपल्या वर्णाच्या पिचरकडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, असलेला कल, जिथे फेकीची संगणकाने नोंद होत होती त्या मैदानांवर नाहीसा होत होता.

म्हणून मी निवडीच्या कामात तीन-चार गोष्टींचा आग्रह धरतो. मोरी यांनी ह्यूस्टनमध्ये स्काउटना घातलेली एक अट मला फार आवडते: खेळाडूची तुलना दुसऱ्या खेळाडूशी करायची असेल तर तो वेगळ्या वर्णाचा हवा. करून बघा. उंच कृष्णवर्णीय मुलाला बघून पटकन सुचणारं नाव बाजूला ठेवावं लागतं आणि मग तुम्ही त्याचे पाय कसे पडतात, पास कधी देतो, हे खरंच बघायला लागता. दुसरं, ‘समज’ हा रकाना मोकळा ठेवायचा नाही. दबावाखाली पास कोणता निवडला, बचावफळीची रचना बदलल्यावर किती वेळात ओळखली, असं नोंदवायचं. नेतृत्वगुण वगैरे शब्दांपुढे प्रसंग लिहिता आला नाही तर तो शब्द खोडायचा. आणि सतरा वर्षांखालच्या खेळाडूची जागा बदलायची असेल तर कारण लेखी द्यायचं, वर्षाअखेरीस सगळी कारणं एकत्र ठेवून वाचायची. एकेक कारण पटण्यासारखंच असतं. गठ्ठा वाचला की घाम फुटतो.

राहिला कोट्याचा प्रश्न. मुलाखतीची सक्ती मला अपुरी वाटते, कारण ती शेवटच्या पायरीवर आहे. तिथवर पोचलेले उमेदवारच चाळून आलेले असतात. २०२० मध्ये एनएफएलने वेगळा मार्ग जोडला: तुमच्याकडे घडलेला अल्पसंख्य समाजातला प्रशिक्षक दुसऱ्या संघाने मुख्य प्रशिक्षक म्हणून नेला, तर तुम्हाला ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीतल्या दोन जादा निवडी मिळतात. माणूस घडवणाऱ्याला मोबदला, ही कल्पना मला जास्त शहाणी वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने २०१६ मध्ये हंगामाच्या सरासरीने अकरांत किमान सहा अश्वेत (कृष्णवर्णीय आफ्रिकन, मिश्रवंशीय किंवा भारतीय वंशाचे) खेळाडू, त्यातले दोन कृष्णवर्णीय आफ्रिकन, असं लक्ष्य ठरवलं. त्याचा त्रास खेळाडूंनाच झाला. चांगली खेळी केली तरी ‘कोट्यातला’ म्हणून हिणवणारे होतेच. तरी मी त्या लक्ष्याच्या बाजूने आहे, कारण त्याशिवाय निवड समितीला गोलंदाजांपलीकडे बघायची गरजच वाटत नव्हती. फक्त ते लक्ष्य राष्ट्रीय संघावर लावून शाळेतल्या खेळपट्ट्या तशाच ठेवल्या, तर पुढचा बवुमा पुन्हा एखाद्या शिष्यवृत्तीवरच अवलंबून राहतो. पैसे कुठे घालायचे असं मला कोणी विचारलं, तर मी वस्तीतल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी खेळपट्ट्या, चेंडू टाकणारी यंत्रं आणि पगारी फलंदाजी प्रशिक्षक यांवर घालेन, आणि सोळा वर्षांखालच्या संघात कोण कुठल्या क्रमांकावर खेळतो याचा तक्ता दरवर्षी जाहीर करायला लावेन.